दोन ते चारची पाळी

१८ सप्टेंबर, गुरुवार

सुरभी सकाळच्या गाडीने पुण्याला परत गेली. विमलचं वर्षश्राद्ध परवा आटोपलं. तिथी तशी पुढे होती, पण गुरुजी म्हणाले, नवरात्राआधी उरकलेलं बरं, घर मोकळं होतं. मला तर घर आधीच जास्त मोकळं वाटत होतं.

जाताना सुरभीने ही वही दिली. रोज एक नवीन गोष्ट करायची, जन्मात न केलेली, आणि इथे लिहायची. तिच्या ऑफिसात कोणी बाई येऊन हे शिकवून गेल्या म्हणे. मी म्हटलं, बाई गं, मी सगळी नोकरी एस.टी. आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. ज्या दिवशी नवीन काही घडलं नाही तो दिवस चांगला, असं आम्ही धरायचो. ती हसली नाही. शपथ घालून गेली.

आज नवीन: काही नाही. वरण करपलं, पण ते नवीन नाही.

फाटकासमोर मंडपाचे बांबू येऊन पडलेत. दुर्गादेवीचं मंडळ दरवर्षी आमच्या कुंपणाला लागूनच बसतं. स्कूटर काढायला जागा उरलेली नाही. संध्याकाळी मंडळाचा अध्यक्ष इंद्रजित आला. चौकात त्याचं मोबाईलचं दुकान आहे. अखंड ज्योतीजवळच्या पाळ्या लावून राह्यलो म्हणाला. देवी बसल्यापासून उठेपर्यंत ज्योत विझू द्यायची नसते, म्हणून कोणीतरी सतत बसलेलं लागतं. दुपारी दोन ते चारची पाळी तुमच्या घराची आहे, असं त्याचं म्हणणं.

मी सांगितलं, ती विमलची होती, घराची नव्हती. विमल गेल्या वर्षी अष्टमीला याच मंडपात चक्कर येऊन पडली. शुगर असताना आठ दिवस एकवेळ आणि तेही अळणी. नागपूरला नेलं, पण शुद्धीवर आली नाही. इंद्रजितला हे माहीत आहे. अ‍ॅम्ब्युलन्स त्यानेच बोलावली होती.  तरी तो म्हणाला, "काका, फक्त विचार करजा." मी तिथल्या तिथे विचार केला आणि नाही म्हणालो.

२१ सप्टेंबर, रविवार

समोरच्या कौसल्याबाई आल्या. विमलची जिवाभावाची मैत्रीण. यजमान वणीला कोळसा खाणीत, शनिवारी येतात आणि रविवारी जातात. मधले दिवस बाई गल्ली सांभाळतात. मला भाऊजी म्हणतात आणि न विचारता सल्ले देतात.

त्यांची पाळी बारा ते दोन. मी बसणार नसेन तर त्याच चारपर्यंत बसणार आहेत, कारण भर दुपारी दुसरं कोणी मिळत नाही. मी म्हटलं, बसा. मग निघता निघता सांगितलं की या वर्षी त्यांनी अळणी धरलंय. एकवेळ, बिनमिठाचं.

मी विचारलं, तुम्हालाही शुगर आहे ना? दोघी बरोबरच तपासायला जायच्या, मीच दवाखान्यात सोडून यायचो. हाव, आहे, म्हणाल्या. मग कायले धरता, असं विचारलं. "विमलताईचे राह्यले ना," म्हणाल्या. काय राहिलं ते विचारेपर्यंत त्यांना गॅसवरचं दूध आठवलं.

शुगरची बाई, पोटात अन्न नाही, आणि त्याच जागेवर चार तास. रात्रभर तेच डोक्यात राहणार. इंद्रजितला फोन करून सांगितलं की बसतो. देवीसाठी नाही, हेही सांगितलं. तो म्हणाला, "देवीले चालते काका."

२२ सप्टेंबर, सोमवार

पहिली पाळी. आज नवीन: देवीसमोर दोन तास बसलो. लग्नातसुद्धा एवढा वेळ बसलो नव्हतो.

कौसल्याबाईंनी जाण्याआधी शिकवलं, जणू मला विमान चालवायचं आहे. काचेच्या पेटीत मोठी समई आहे. तेल अर्ध्यावर आलं की घालायचं. वातीवर काजळी धरली की चिमट्याने झाडायची, पण त्याआधी ज्योतीवरून एक निरांजन लावून बाजूला ठेवायचं. वात चुकून गेलीच तर निरांजनावरून परत लावता येते, म्हणजे ज्योत तीच राहते. मी म्हटलं, एवढीशी काजळी झाडायला दुसरा दिवा कशाला? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोललो नाही.

बाकी काय, भोंगे. दुपारी दोनपर्यंत गाणी, चारपासून परत गाणी. मधले दोन तास मंडपवाले निजामुद्दीनभाई बंद ठेवतात, तेवढा मोठेपणा. त्यांचे दिवे, त्यांचे पंखे, त्यांचाच आवाज. वडिलांपासून हे मंडळ त्यांच्याकडे आहे. ते शिडीवर काम करतात, मी खाली बसतो. दोघेही बोलत नाही. मला हे जमतं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

लाल रंगाचा दिवस. माझ्याकडे लाल शर्ट नाही. तीन बायकांनी तीन वेळा विचारलं. चौथीला मी सांगितलं की मी दिवा पाहायला आलोय, सिग्नल व्हायला नाही. तिने ते गल्लीभर सांगितलं. आता सगळ्या हसतात.

२५ सप्टेंबर, गुरुवार

देवीकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. तीन दिवस पंख्याकडे पाहिलं. पण दोन तास समोर कोणी बसलं असताना दुसरीकडे पाहत राहणं हा उद्धटपणा वाटतो. आज पाहिलं. मूर्ती चांगली आहे. नाक थोडं वर गेलंय.

मग एक-दोन गोष्टी सांगितल्या. प्रार्थना नाही. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, सुरभीला पुण्यात सर्दी आहे, विमलची औषधं अजून कपाटात आहेत, टाकवत नाहीत. आणि हेही विचारलं की समोर बाई उपाशी पडते आहे हे तुला दिसत नव्हतं का. निजामुद्दीनभाई शिडीवर होते, म्हणून हळू विचारलं. उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच.

आज नवीन: स्वतःचा फोटो स्वतः काढला, मागे ज्योत. सुरभीला पाठवला. तिने सात हृदयं पाठवली. एक पुरे होतं.

कौसल्याबाई पिवळ्या दिसतात. साडी पिवळी होती, तरी.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

ज्योत विझली.

काजळी मोठी झाली होती. निरांजनातलं तूप संपलेलं, वाटी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. मी म्हटलं, एवढ्याने काय होतं. पेटी उघडून चिमटा लावला, वात घसरून तेलात बुडाली. चर्र झालं आणि धूर.

मंडपात कोणी दिसत नव्हतं. मी आधी उदबत्तीकडे धावलो. ती सकाळी या ज्योतीवरच लावलेली असते, म्हणजे विस्तव तोच. वात वर ओढली, उदबत्ती टेकवून फुंकत बसलो. वात काही पेटली नाही, मला मात्र खोकला आला. शेवटी टेबलाखालच्या काडेपेटीतली काडी ओढली. दोन वाया गेल्या, तिसरी पेटली. ज्योत लागली. दिसायला अगदी आधीसारखी. कोणाला फरक कळला नसता.

वळून पाहिलं तर निजामुद्दीनभाई शिडीवरून उतरत होते. त्यांनी उभा पंखा उचलून दुसऱ्या बाजूला फिरवला. म्हणाले, "हवा सीधी दिव्यावर येऊन राह्यली होती, भगवानरावजी. माझीच चूक आहे." पंखा बंद होता.

संध्याकाळी सुरभीचा फोन. आज काय नवीन, बाबा? काही नाही म्हणालो.

२७ सप्टेंबर, शनिवार

करड्या रंगाचा दिवस. माझा रोजचाच शर्ट. सगळ्यांनी कौतुक केलं. एरवी बरं वाटलं असतं.

सकाळी गॅस सिलेंडर संपला. माझ्या मनात पहिला विचार आला तो ज्योतीचा. मग नळाचं पाणी आलं नाही, तेव्हाही तोच. काल आलं होतं, म्हणजे आज येणारच नव्हतं. साठी उलटलेला माणूस, पेन्शनवाला, देवधर्म न करणारा, आणि सिलेंडर का संपला याचा विचार करत ओट्याशी उभा. स्वतःचाच राग आला. ज्या देवीवर माझा विश्वास नाही तिने मला शिक्षा करावी याची मी वाट पाहतोय, आणि ती तेही करत नाही.

दुपारी पाळीला गेलो तर तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी इंद्रजितच्या दुकानात जाऊन सांगून टाकलं. त्याने आधी शटर अर्धं खाली ओढलं. मग हात जोडले. काका, कोणाला बोलू नका, जिल्ह्यातून लोक दर्शनाला येतात, वर्गणीवाले काय म्हणतील, शेजारचं मंडळ तर वाटच पाहून राह्यलं. मी विचारलं, आणि ज्योतीचं काय? तो म्हणाला, "जळून राह्यली ना? मग झालं."

२८ सप्टेंबर, रविवार

इंद्रजितला सांगून हलकं झालं नाही. कौसल्याबाईंचे यजमान सहाच्या गाडीने गेल्यावर त्यांच्या ओट्यावर गेलो आणि त्यांना सांगितलं. निरांजन लावलं नव्हतं हेही. वाटलं होतं, बाई फाडून खातील.

त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"विमलताईच्या हातूनही इझली होती, भाऊजी."

हे मला माहीत नव्हतं. सुरभी बारावीला होती त्या वर्षीचं, नऊ वर्षांपूर्वीचं. विमलने निरांजन लावलं होतं, पण वाऱ्याने दोन्ही गेलं. कौसल्याबाई शेजारीच होत्या. "काडी म्याच देल्ली," म्हणाल्या. दोघींनी कोणाला सांगितलं नाही. त्या वर्षापासून विमलने नवरात्रात अळणी धरलं, ज्योतीचं प्रायश्चित्त म्हणून, जन्मभरासाठी. पुढे शुगर निघाली तरी सोडलं नाही. मी इतकी वर्षं पाहत होतो. बायका धरतात तसं धरलं असेल, असं वाटायचं.

"मले म्हणे, कोणाले सांगशील तर माहं मेलेलं तोंड पाहशील. म्या सांगतलं नाई. तरी पाह्यलंच."

 त्या पुढे बोलल्या. विमलचे राहिलेले उपास त्या करताहेत, कारण काडी त्यांची होती. आणि आता माझीही भर पडली.

"तुमच्यानं काय उपास होणार हाय, तुमाले चार वाजले की च्या लागते. मी अष्टमीले निरंकार धरते. पाणी बी नाई. तिघांचं एकदाच फिटून जाईन."

मी समजावलं. ओरडलो असं म्हटलं तरी चालेल. शेजारच्यांनी खिडकी उघडून पाहिलं. त्यांच्या यजमानांना फोन लावला, ते अजून गाडीत होते. म्हणाले, "ती माह्यं कधी ऐकते काय? तुमीच पाहा जरा." आणि रेंज गेली.

म्हणजे मी मन हलकं करायला गेलो आणि बाईंचं पाणी तोडून आलो.

२९ सप्टेंबर, सोमवार

आज पाळी बदलताना कौसल्याबाई उठल्या आणि मंडपाचा खांब धरून उभ्या राहिल्या. तोंडावर घाम. मी खुर्ची सरकवली. गोळी घेतली का विचारलं, तर घेतली. उपाशीपोटी शुगरची गोळी. विमलही हेच करायची. डॉक्टरांनी मला नागपूरला समजावून सांगितलं, तेव्हा उशीर झालेला.

केळं दिलं तर घेतलं नाही. "देवी पाहून राह्यली," म्हणाल्या. मी देवीकडे पाहिलं. मला तर ती माझ्याकडे पाहताना दिसली.

आगारातली एक गोष्ट आठवते. गाडी बिघडली की नवीन लोक ती लपवायचे. येते आहे, पाच मिनिटं, वाटेत आहे. लोक उन्हात ताटकळत. मी आल्या आल्या सांगून टाकायचो की ही गाडी आज जाणार नाही. लोक शिव्या द्यायचे, पण मग ज्याचा तो जीप बघायचा, ऑटो बघायचा. न सांगितलेल्या गाडीची वाट पाहण्यात माणूस जास्त झिजतो.

ज्योत विझल्याचं दोघींनाच माहीत होतं, म्हणून दोघींनाच ते फेडावं लागलं. मंडळाला माहीत असतं तर मंडळाने फेडलं असतं. एवढं साधं आहे.

इंद्रजितला सांगितलं की मी उद्या बोलणार. तो म्हणाला, काका, पाया पडतो. मी म्हटलं, पड.

३० सप्टेंबर, मंगळवार, दुपार

अष्टमी. होम झाला, मंडप भरलेला, रस्त्यापर्यंत लोक. सगळे गुलाबी. कौसल्याबाई बायकांच्या पहिल्या रांगेत, ओठ सुकलेले. आरतीआधी मी निजामुद्दीनभाईंकडे गेलो आणि माइक मागितला. का, ते त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "आवाज वाढवू?" मी हो म्हणालो.

आयुष्यात माइकवर बोललो ते फक्त गाड्यांबद्दल. त्यामुळे तोंडातून तसंच निघालं. "सर्व भाविकांनी इकडे लक्ष द्यावे." लोकांनी दिलं. मी सांगितलं की शुक्रवारी दुपारी दोन ते चारच्या पाळीत अखंड ज्योत विझली. पाळी माझी होती. मी ती काडीने पुन्हा लावली आणि कोणाला सांगितलं नाही. याचा उपास माझ्यासाठी कोणीही धरू नये, याची कृपया नोंद घ्यावी. विमलचं नाव घेतलं नाही. ते तिचं तिच्याजवळ.

पुढे काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, म्हणून गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

 मागून कोणीतरी म्हणालं, अपशकुन आहे. कोणी म्हणालं, शांती करावी लागते. गुरुजी पोथी चाळायला लागले. इंद्रजितने माइक ओढला आणि तांत्रिक कारणामुळे असं काहीतरी सुरू केलं. तेवढ्यात तुळसाबाई, सकाळची पाळी त्यांची, गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, बसल्या जागेवरून बोलल्या.

"माही बी इझली होती. दुसऱ्याच दिवशी. डोळा लागला. आता आरती घेता का पोट्टेहो, माहे गुडघे दुखून राह्यले."

कोणीतरी हसलं. मागच्या रांगेतली एक सून उभी राहिली आणि म्हणाली, मागच्या वर्षी माझ्याही पाळीला. मग पुरुषांत रात्रीच्या पाळीवाला एक जण. इंद्रजित माइकवर म्हणाला, "आता कोणी हात वर करू नका बाप्पा, काही पुढच्या वर्षीले ठेवा." मंडप हसला. मलाही हसू आलं, समोर देवी असताना, विमल पडली त्याच जागी. थांबता येईना. डोळे पुसावे लागले.

पाहिलं तर कौसल्याबाई रांगेत नव्हत्या. आरती न घेता निघून गेल्या होत्या.

गुरुजींना शेवटी पोथीत काहीतरी सापडलं. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून एक माळ जप करायचा, संपलं. उपासाचं काही निघालं नाही. मी दोनदा विचारून घेतलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ

पाळी संपवून कौसल्याबाईंचं दार वाजवलं. आत दिवा होता, दार उघडलं नाही. परत आलो. काय केलं मी हे? चारचौघांत बोलून बाईंची नऊ वर्षांची गोष्ट हसण्यावारी नेली. त्या आता हट्टाने पाणी घेणार नाहीत. फोन लावला, उचलला नाही. इंद्रजितला सांगून ठेवलं की अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर जवळ ठेव. मग देवीसमोर जाऊन उभा राहिलो आणि या वेळी मागितलं. काय, ते लिहीत नाही.

घरी आलो. काहीतरी करायचं म्हणून खिचडी टाकली. कुकर उतरवला तर फाटक वाजलं. कौसल्याबाई. आत आल्या, खुर्चीवर बसल्या, आधी पाण्याचा तांब्या तोंडाला लावून अर्धा केला. मी पाहत राहिलो.

"तुळसाबाईची इझली," त्या म्हणाल्या, "अन् ते बुढी रोज दोन वाट्या साबुदाणा हाणून राह्यली."

मी तांब्या पुन्हा भरून ठेवला.

"तुमी तिचं नाव घेतलं नाई ते बरं केलं." मग म्हणाल्या, "तिनं असंच माइकवर सांगतलं असतं, तर..." तिथेच थांबल्या.  मी कुकरचं झाकण काढलं.

ताट वाढलं. खिचडी, लोणचं, पापड. त्यांनी पहिला घास घेतला आणि मीठ जास्त झालंय म्हणाल्या. दुसऱ्या घासाला, तांदूळ कच्चा आहे. मग खाली मान घालून खात राहिल्या. मधेच डोळ्यांना पदर लावला, आणि ते लोणचं तिखट आहे म्हणून, असं न विचारता सांगितलं. लोणचं विमलने घातलेलं, शेवटच्या बरणीतलं. तिखट नाही. मी तिखट आहे म्हणालो.

दोनदा वाढून घेतली. माझ्यासाठी कुकरात खरवड उरली, ती मी उभ्यानेच खाल्ली. जाताना फाटकातून वळून म्हणाल्या की उद्या डाळ जरा जास्त टाका आणि तांदूळ आधी भिजवा.

उद्या यांना कोणी बोलावलंय?

तांदूळ भिजवून ठेवलेत.